सात भोकांची चौकट

...मग काय, गाणं म्हणावंच लागायचं! हसताय काय? आमच्या बाथरूमची कडी लागायचीच नाही हो! आतला गातोय, म्हणजे बाहेरच्यानं थांबायचं. एकदा आमच्याकडेच राहणारे सासरे दुसऱ्या कडव्यात शब्द विसरले, आणि मीटर वाचायला आलेला माणूस हात धुवायला सरळ आत!

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. घर बांधताना गवंडी घसा फोडून सांगत होता, "साहेब, खाली काळी माती आहे. पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. काढून टाका, मुरूम भरा." मी म्हटलं, "माती ती माती! मला काय घर पेरायचंय?" झालं! पाऊस पडला, माती फुगली, कोपरा वर... कडी लागेना! सुतारानं चौकटीला नवं भोक पाडलं. ऊन तापलं, माती आकसली, कोपरा खाली... पुन्हा कडी लागेना! थंडीचं भोक वेगळं, अवकाळीचं वेगळं, अशी सात भोकं, आणि शेजारी सुताराच्या पेन्सिलीनं महिने लिहिलेले! लोक कॅलेंडर बघतात, आम्ही चौकट बघतो.

एक दिवस आमची ही केसांना फेस तसाच ठेवून बाहेर आली. "ऐका! वीस वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाही..." (काढलं होतं, पण म्हटलं, बोलू दे.) "आता एक वर्ष देते. वर्षभर एकाच भोकात कडी लागली पाहिजे. नाहीतर मी चालले भावाकडे, कायमची!" आणि खरंच बॅग भरून दाराशी ठेवली हो! ही गेली तर घरात कोण? मी आणि सासरे! नुसती गाणी!

धावत मातीच्या इंजिनीयरबाईंकडे गेलो. बाई आल्या, दाराकडे ढुंकून पाहिलं नाही, अंगणात उकिडव्या बसल्या आणि मातीचा गोळा वळत म्हणाल्या, "घराच्या पायाभोवती भोकं पाडून चुना भरू, मग माती फुगणार नाही." म्हटलं, बाई, आणखी भोकं? "आणि चुना मुरेपर्यंत ओल एकसारखी ठेवा हं!" म्हणून मी रोज सकाळी झारी घेऊन घराला पाणी घालतोय, आणि शेजारी कुंपणावरून विचारतोय, "काय हो, दुसरा मजला उगवला का?"

चुना मुरला. घर थांबलं. पण कुठं थांबावं? नेमकं मे आणि जूनच्या मधोमध! सातातल्या एकाही भोकात कडी लागेना! सुतारानं कपाळावर हात मारून आठवं पाडलं. मग पाऊस झाला, थंडी झाली, ऊन तापलं... घर तसूभर हललं नाही! वर्ष भरलं त्या सकाळी हिनं बॅग उघडली, कपडे परत कपाटात लावले, टॉवेल घेतला, आत गेली. खट्! खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा नऊ वाजले होते. अकराला मी घाबरत दार वाजवलं, "अगं, बरी आहेस ना?"

"वीस वर्षांत पहिल्यांदा या घरात कुणी मध्ये येणार नाही अशी जागा मिळालीय," आतून आवाज आला. "पुस्तक वाचतेय. स्वयंपाकाचं तुम्ही बघा."

आता रोज हेच! मी आणि सासरे, खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर रांगेत. बायको घर सोडून गेली नाही, एवढं खरं... पण तुम्हाला सांगतो, आता कडी निघेना!