दिव्यातून काढलेल्या बॅटरीबाबत

मी, श्रीमती नोम्वुझो म्पाम्बानी, वय ६१ वर्षे, धंदा टॅक्सी थांब्यावर अमाग्विन्या म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे तळून विकण्याचा, राहणार एकुझोलेनी वस्ती, पाण्याच्या टाकीमागची ओळ, ईस्ट लंडन, दक्षिण आफ्रिका. माहेरच्या कुळावरून वस्तीत मला माम्पिंगा म्हणतात, तेही लिहावे, नाहीतर मला कोणी ओळखणार नाही. मला कोणी बोलावलेले नाही. मी आज सोमवारी सकाळी आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात आले असून जे डोळ्यांनी बघितले ते सांगते.

घरी आम्ही तिघे राहतो. मी, मुलगा सिविवे वय ३४, बंदराजवळच्या गोदामावर पहारेकरी, आणि त्याची बायको नोसाखे वय २९. तिचे माहेरचे नाव लिंडेल्वा. नोसाखे हे नाव लग्नात आम्ही दिले, ते मीच निवडले. माझी थोरली मुलगी फाथिस्वा लग्न होऊन पलीकडच्या वस्तीत राहते, पण तिचे अर्धे लक्ष अजून आमच्या चुलीतच असते.

शनिवारी फाथिस्वाने येथे तक्रार दिली की, नोसाखेने नवऱ्याला जिवे मारण्याच्या हेतूने त्याच्या ई-सिगारेटमध्ये खराब बॅटरी घातली, ती शुक्रवारी त्याच्या खिशात फुटली आणि त्याची मांडी व उजवा हात भाजला. त्यावरून नोसाखेला काल संध्याकाळपासून येथे बसवून ठेवले आहे. ती बॅटरी नोसाखेने घातलेली नाही. घालताना मी समोर होते आणि घालणारा हात तिचा नव्हता.

सिविवे पूर्वी साध्या सिगारेटी ओढत असे. खोकून खोकून भिंती हलायच्या. दवाखान्यात सांगितले की हे बंद कर, नाहीतर फुप्फुसांचे काही खरे नाही. म्हणून नाताळात नोसाखेने त्याला ते वाफेचे यंत्र आणून दिले. त्यात बोटाएवढ्या दोन बॅटऱ्या लागतात. आमच्या घरात असली वस्तू पहिल्यांदाच आली होती. दुकानदाराने तिला सगळे नीट समजावून दिले होते आणि तिने घरी येऊन ते आम्हा दोघांना ऐकवले. दोन बॅटऱ्या एकत्र घेतल्या की एकत्रच वापरायच्या, एकत्रच चार्ज करायच्या, जुनी-नवी मिसळायची नाही. वरचे प्लास्टिकचे वेष्टन फाटले तर ती फेकून द्यायची. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर किंवा सुट्या पैशांबरोबर खिशात टाकायची नाही, डबीत ठेवायची. चार्जिंगला लावून झोपायचे नाही. मी तेव्हा म्हटले की, मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूने मला जेवढे नेम लावले होते त्याहून या बॅटऱ्यांचे नेम जास्त आहेत. ती हसली. सिविवेने ऐकलेच नाही, तो फुटबॉल बघत होता. तेव्हापासून बॅटऱ्यांचे सगळे नोसाखेच बघते. दुसऱ्या कशात मिसळू नयेत म्हणून तिने दोन्हींवर हिरव्या नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. फाथिस्वाने तक्रारीत "बॅटऱ्या तिच्याच हातात असतात" असे लिहून दिले आहे. ते खरे आहे. तेवढेच खरे आहे.

घरात भांडण होते का, असे साहेबांनी विचारले. होते. सिविवेचे बिशो गावातल्या एका बाईकडे जाणे-येणे आहे. नोसाखेला ते इस्टरच्या सुमारास कळले. ती ओरडली नाही, तिने ताटे आपटली नाहीत. तिने त्याला एवढेच विचारले की तुला मी नको असेन तर तसे माझ्या वडिलांसमोर येऊन सांग. तो गेला नाही. आमच्याकडे नवऱ्याने बायकोला विनाकारण घालवले तर लग्नात नवऱ्याकडच्यांनी दिलेली गुरे तिच्या बापाकडेच राहतात. दोष बायकोचा निघाला तर गुरे परत मागता येतात. हे साहेबांना माहीत आहे, तरी लिहावे.

गेल्या आठवड्यात सिविवेच्या हातून यंत्र टॅक्सीतून उतरताना पडले आणि आतल्या एका बॅटरीला पोचा आला. नोसाखेने ती यंत्रातून काढली आणि चांगलीसुद्धा काढली. दोन्ही तिच्या डबीत ठेवून डबी कपाटात टाकली आणि त्याला सांगितले की पोचा आलेली वापरायची नाही, नवी जोडी आणीपर्यंत कळ काढ. तो दोन दिवस कुत्र्यावर, कोंबड्यांवर आणि माझ्यावर खेकसत होता.

शुक्रवारी दुपारनंतर नोसाखे शेजारच्या म्झाम्ने यांच्याकडे गेली. त्यांच्याकडे शनिवारी मयताचे जेवण होते आणि वस्तीतल्या सगळ्या सुना गाजरे सोलायला व कोबी चिरायला तिथे बसल्या होत्या. ती तिथून स्फोटाचा आवाज ऐकून आली, त्याआधी एकदाही उठली नाही. त्या बायकांना विचारावे. त्यांना बाकी काही आठवत नसले तरी कोण काम सोडून उठले ते आठवते.

संध्याकाळी लोडशेडिंग सुरू झाले. मी मागच्या ओट्यावर चार्जिंगचा दिवा लावून दुसऱ्या दिवशीचे पीठ मळत होते. तो दिवा थांब्यावर दुरुस्त करून आणलेला आहे. तिथे जुन्या लॅपटॉपमधल्या बॅटऱ्या फोडून दिव्यात घालून देतात, आमच्या ओळीत सगळ्यांचे दिवे तसलेच आहेत. आमच्या दिव्यातल्या बॅटरीचे वेष्टन फाटलेले होते आणि त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. आकाराने ती सिविवेच्या बॅटरीसारखीच दिसते. दिव्यापुरती ती चालत होती.

सिविवे कामावरून आला. त्याने आत जाऊन कपाट उघडले, डबी घेतली आणि ओट्यावर आला. मला न विचारता त्याने दिवा उचलला आणि सुरीच्या टोकाने मागचे झाकण काढले. अंधार झाला. माझे दोन्ही हात पिठात होते. मी त्याला म्हटले की अरे, मी आता आंधळ्यासारखी पीठ मळू का. तो म्हणाला, दोन मिनिटं. त्याने मोबाइलचा उजेड केला. चिकटपट्टीची बॅटरी आणि हिरव्या ठिपक्याची चांगली बॅटरी अशा दोन त्याने यंत्रात घातल्या. मी हे हाताच्या अंतरावरून बघितले. मी त्याला सांगितले की तुझ्या बायकोने जोडी तोडू नको म्हणून बजावले आहे आणि ही तर फाटकी आहे.

त्यावर तो म्हणाला, "आई, कोण कुणाची बायको ते बॅटरीला काय कळतंय?"

त्याने चारदोन झुरके मारले, धूर माझ्या पिठावर सोडला आणि यंत्र पँटच्या उजव्या खिशात टाकले. तो खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने त्याने मांडीवर हात मारला, जसा माशी चावल्यावर मारतात. तो "गरम" असे काहीतरी म्हणाला, यंत्र काढायला त्याने हात खिशात घातला आणि तेव्हाच ते फुटले. टॅक्सीचा टायर फुटतो तसा आवाज झाला. खिशातून ज्वाळ निघाली. मी पिठाच्या हातांनी त्याची पँट खाली ओढली आणि पाण्याची बादली त्याच्यावर ओतली, मग दुसरी. त्याच्या मांडीला पीठ चिकटले होते. इस्पितळात परिचारिकेने ते काय आहे म्हणून विचारले, मी सांगितले.

नोसाखे गाजराच्या रंगलेल्या हातांनीच पळत आली. तिने ओला टॉवेल त्याच्या पायावर धरला, म्झाम्न्यांची गाडी आणवली आणि पूर्ण रस्ताभर त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. तो तिचा हात सोडत नव्हता. हे मी पुढच्या सीटवरून बघितले.

रात्री घरी आल्यावर मी दिवा लावायला गेले तेव्हा तो रिकामा सापडला. डबी ओट्यावरच होती आणि तिच्यात पोचा आलेली हिरव्या ठिपक्याची बॅटरी जिथल्या तिथे होती. दिवा आणि डबी मी आज सोबत आणली आहे. येताना पर्समध्ये किल्ल्या होत्या म्हणून डबी वेगळ्या पिशवीत, फडक्यात बांधून आणली. साहेबांनी दोन्ही पंचांसमक्ष ताब्यात घेतले. खिशातून निघालेले जळके तुकडे आपल्याकडे आहेतच, त्यातल्या एका तुकड्यावर चिकटपट्टीचा डाग दिसेल.

शनिवारी सकाळी आम्ही वॉर्डात गेलो. फाथिस्वा खाटेपाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली की हिनेच केले, हिला तो मरायला हवा होता. नोसाखे खाली बघत होती, कारण नणंदेला तोंडावर उत्तर द्यायचे नाही हे तिला मीच शिकवलेले आहे. सिविवे शुद्धीवर होता. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "मला काय माहीत. बॅटऱ्या तीच बघते."

त्या दोघी बाहेर गेल्यावर मी त्याला म्हटले की तोंड उघड आणि खरे सांग. त्याने माझी ओढणी धरली. तो म्हणाला, "आई, तू फक्त गप्प बस. ती माहेरी जाईल, गुरं परत येतील. कुणी मेलेलं नाही ना?"

मी म्हटले, "गुरं तुझ्या बापानं दिली. तुझं त्यात एक शेपूटसुद्धा नाही."

मग मी त्याला पेज भरवली, कारण त्याला चमचा धरता येत नव्हता.

तीन दिवस का थांबलात, असे साहेबांनी विचारले. मला वाटले तो स्वतः सांगेल. शनिवारी वाटले, रविवारी चर्चमध्येही वाटले. काल संध्याकाळी गाडी आली आणि नोसाखेला घेऊन गेली, तेव्हा वाटायचे थांबले. फाथिस्वा दारातच होती. मी ठाण्यात जाते म्हटल्यावर तिने विचारले, "तू कुणाची आई, आमची का तिची?" मी तिला सांगितले की बाजूला हो, मला चपला घालू दे.

माझ्यावर कोणाचा दबाव होता का, असे विचारले. होता, पण तो गप्प बसण्याचा होता. खोटी माहिती दिल्याबद्दल सिविवेवर कारवाई होऊ शकते हे मला समजावून सांगितले आहे आणि ते मला समजले आहे. जे लागू होत असेल ते करावे. मांडी भरून येईपर्यंत थांबता आले तर बघावे, एवढे माझे म्हणणे. तो माझ्या घरी येणार की बिशोला जाणार ते त्याने ठरवावे. नोसाखे माझ्याच घरी राहील. घर माझ्या नावावर आहे.

तिला आणताना खांद्यावर टॉवेल घ्यायलाही वेळ दिला नाही. आमच्याकडे सून उघड्या खांद्यांनी परक्या माणसांत बसत नाही. मी तिचा टॉवेल आणला आहे, तो आधी तिला द्यावा आणि मग काय कागद करायचे ते करावेत. तिला घेतल्याशिवाय मी जाणार नाही.

हा जबाब मला आमच्या खोसा भाषेत मोठ्याने वाचून दाखवला. त्यात इस्पितळातल्या मजकुरापुढे समासात साहेबांनी "जखमी इसम खोटे बोलला" असे लिहिले होते. त्यांनी ते माझ्या वयाकडे बघून लिहिले असावे. मी ते खोडायला लावले. इसम मला माहीत नाही. त्या जागी "माझा मुलगा खोटे बोलला" असे लिहून घेतले आहे आणि त्या दुरुस्तीपुढे मी वेगळी सही केली आहे. बाकी सगळे मी सांगितल्याप्रमाणे आहे.