गार चूल

"अवो, आला का फोन?" लेकाचा फोन घ्यायला शहरात जाऊन करमाडच्या थांब्यावर बसमधून उतरणाऱ्या नवऱ्याला विचारणारा तो आवाज फार वर्षांपूर्वीचा, पण अजून माझ्या कानात आहे.

"आला. कतारचा कारखाना चालू झाला. आपल्या रामकिसननं जोडलेल्या पाइपातून आज पहिल्यांदा गॅस सोडला. गार करून पाण्यावानी पातळ केला म्हणं."

"आन् कुठं गळाला नाय ना? भडका नाय ना झाला?"

"कायबी नाय. हसत हुतं पोरगं."

"देवा, पावलास! चला, आता घरी जाऊन चूल पेटवते."

"म्हंजी सकाळपासनं गारच?"

"लेकरू गॅसपाशी उभं, आन् मी जाळ कसा करू?"

"अगं येडे, गॅस कतारला, चूल करमाडला!"

"हसा. तुमचं काळीज दगडाचं."

"दगडाचं कशाचं? सकाळपासनं म्याबी बिडी पेटवली नाय."