जयवंताबाईंचा फोन आणि चंपतरावांच्या घरचं लग्न

आजच्या या थोड्या हसऱ्या, थोड्या रडवेल्या सभेचे अध्यक्ष, शाळा समितीचे प्रमुख माननीय चंपतराव. मराठी येत नसतानाही आवर्जून आलेले आपले मंडल शिक्षणाधिकारी मल्लेश साहेब (आता बरंच कळतं त्यांना, हसताहेत बघा). माझे सहकारी शिक्षक, गावातली वडीलधारी मंडळी, माता-भगिनी, विद्यार्थीमित्रहो, आणि जिच्यासाठी हा सगळा थाट मांडला ती व्यक्ती सत्काराची खुर्ची रिकामी ठेवून मागे भाताच्या पातेल्यापाशी उभी आहे! जयवंताबाई, या हो पुढे. आज भात करपला तरी या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मी लेखी माफी देते.

हं, बसल्या. आता बोलते.

अठरा वर्षं या बाईंनी आपल्या मुलांना दुपारचं जेवण रांधून घातलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत, आणि मी मराठीची शिक्षिका असल्यामुळे शब्द अपुरे पडणं मला शोभत नाही. पण आज मी वरण-भातावर बोलणार नाही. मी बोलणार आहे त्यांच्या फोनवर.

आपली शाळा तेलंगणातली, पण मराठी माध्यमाची. म्हणून दहावीला तेलुगूचा पेपर सुटतो का कुणाला? घरी मराठी, शेतात मराठी, आणि पेपर तेलुगू. दोन वर्षांमागे बारापैकी पाच मुलं फक्त तेलुगूत नापास झाली. त्यातली कुणी गणितात नव्वदच्या घरात होती! त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये बसून रडले, हे आज पहिल्यांदा सांगते.

आणि तरीही माझा नियम कडक होता: वर्गात फोन नाही. मुलांचे नाहीत, शिक्षकांचेही नाहीत. सकाळी सगळे फोन कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. मोबाईलनं पोरं बिघडतात, हे भाषण मी याच व्यासपीठावरून किती वेळा ठोकलं असेल! टाळ्याही घेतल्या आहेत.

मग गेल्या जुलैत काय झालं? मधल्या सुट्टीत स्वयंपाकाच्या खोलीपाशी ही गर्दी! मला वाटलं, आज अंडी आहेत. जाऊन बघते तर जयवंताबाई भाकरी थापताहेत, त्यांचा फोन मिठाच्या डब्याला टेकवून ठेवलाय, आणि दहावीची पोरं एकेक पुढे होऊन त्याच्याशी तेलुगूत बोलताहेत. पोरं बोलतील तसं फोन लिहीत होता. उच्चार बरोबर आला की बरोबर शब्द, चुकला की भलतंच काहीतरी. आणि भलतंच आलं की असा हशा, की कावळे उडावेत.

मी म्हटलं, "बाई, हे काय चाललंय? फोनला बंदी आहे ना?"

बाई भाकरी उलटत म्हणाल्या, "वर्गात बंदी हाय न मॅडम? हे त चूल हाय."

कायद्यानं बाईंचं बरोबरच होतं. शिवाय शाळेत नेटवर्क धरतं ते नेमकं चुलीपाशीच. जेवणाऱ्या मुलांचा रोजचा आकडा मंडल कार्यालयाला पाठवायचं काम मीच त्यांच्या गळ्यात मारलं होतं, म्हणून त्यांचा फोन बाहेर. थोडक्यात, गुन्ह्याची वाट मीच झाडून ठेवली होती.

 मी "बघते" असं म्हणून निघून आले. मुख्याध्यापकांना हे करावं लागतं.

आणि मग आला तो सप्टेंबरातला मंगळवार. अध्यक्ष महोदय, आपली परवानगी आहे ना? नसली तरी सांगते.

त्या दिवशी पोरांनी ठरवलं, रजेचा अर्ज तेलुगूत बोलायचा. प्रत्येकानं आपलं खरं कारण सांगायचं. आपल्या चंपतरावांची लेक भाग्यलक्ष्मी पुढे झाली. तिच्या घरी मांजर व्यायली होती, धान्याच्या खोलीत. मांजरीला तेलुगूत म्हणतात 'पिल्ली'. ती म्हणाली, आमच्या घरी पिल्ली आहे, उद्या शाळेत येऊ शकत नाही. आणि लग्नाला तेलुगूत काय म्हणतात? 'पेळ्ळी'! फोननं लिहिलं: आमच्या घरी लग्न आहे, उद्या शाळेत येऊ शकत नाही. खाली हिनं ऐटीत नाव टाकलं, भाग्यलक्ष्मी, इयत्ता दहावी. आणि आनंदाच्या भरात पाठवण्याचं बटण दाबलं. समोर उघडं काय होतं? जेवणाच्या आकड्याचं पान. अर्ज थेट मल्लेश साहेबांकडे!

पंधरा वर्षांच्या मुलीच्या घरी उद्या लग्न. साहेबांनी काय समजावं? त्यांनी समजायचं तेच समजलं. तासाभरात जीप आली. साहेब, बालविकासच्या दोन मॅडम आणि एक कॉन्स्टेबल, थेट चंपतरावांच्या दारात. मला वाटेतून निरोप आला, मी धावत. माझ्यामागे शाळा धावत. आणि गाव? जीप गल्लीच्या तोंडाशी येईतो गावानं नवरदेवसुद्धा ठरवला होता. भैंसा गावचा आहे म्हणे, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला!

चंपतराव शेतातून आले ते कापसाच्या वेचणीचा झोळा कमरेला तसाच. "काऊन जी, काय झालं? म्या काय केलं?"

साहेब तेलुगूत विचारताहेत, नवरा मुलगा कुठे आहे? चंपतरावांना त्यातल्या 'पेळ्ळी'चं 'पिल्लं' ऐकू येतंय, ते मराठीत सांगताहेत, आत हाय, धान्याच्या खोलीत, चार हायत. कॉन्स्टेबलनं टोपी सरळ केली. भाग्यलक्ष्मी हुंदके देतेय. आणि मी, एम.ए. बी.एड., माझ्या तोंडून तेलुगूचा एक शब्द फुटेना. हसू नका, तुमच्याही फुटला नव्हता.

इतक्यात पिठाचे हात पदराला पुसत जयवंताबाई गर्दीतून पुढे आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पेळ्ळी कादु सार! पिल्ली! पिल्ली!" आणि मग पाच मिनिटं सरळ तेलुगूत सगळी हकिगत. आम्ही सगळे तोंडाचा आ करून बघतोय. या बाईंना तेलुगू? कधी? कुठे? अहो, पोरांचं ऐकून ऐकून! भाकऱ्या थापता थापता!

बालविकासच्या मॅडमनी आत जाऊन पाहणी केली. एक मांजर, चार पिल्लं. वयाची पडताळणी झाली नाही.

मी मात्र घाबरले होते. तिथंच म्हटलं, "बाई, उद्यापासून हा फोन कपाटात."

तेव्हा बाई जे बोलल्या ते मी विसरणार नाही. "मॅडम, तुमी वहीत लाल रेघ मारता, तवा लेकरू वही लपवते. इथं चुकलं त हासते, अन् पुन्हा म्हनते. आज पिल्ली कशी म्हनाची हे साऱ्या गावाले आलं. काऊन बंद करता?"

साहेबांनी विचारलं, काय म्हणतात? भाग्यलक्ष्मीनं डोळे पुसत तोडक्यामोडक्या तेलुगूत सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, इकडे द्या तो फोन, मी मराठीत बोलतो. त्यांना शिकवलं, माझ्या घरी मांजर आहे. ते बोलले. फोननं लिहिलं, "माझ्या घरी मंजूर आहे."

झालं! बाईंनी फोन उंच धरला. "पाहा मॅडम, सायेबानं लिहून देल्लं. मंजूर हाय!"

माझ्या नियमाचा अंत असा, भर गल्लीत, टाळ्यांच्या गजरात झाला. दुसऱ्या दिवशीपासून वेळापत्रकात तास लागला: तेलुगू, चुलीपाशी. स्टाफचे आणखी दोन फोन मी स्वतः कपाटातून काढून दिले. आणि गेल्या महिन्यात निकाल आला. अकरापैकी अकरा पास! भाग्यलक्ष्मीला तेलुगूत एक्क्याऐंशी. साहेब, हा आकडा मात्र मी स्वतः तुम्हाला पाठवला.

आता एकच गोष्ट, जी मला परवापर्यंत माहीत नव्हती. मी बाईंना विचारलं, पोरांना फोन द्यायचं तुम्हाला सुचलं कसं? त्या लाजल्या. त्यांचा मुलगा भारत वरंगलला नोकरी करतो, सूनबाई तिकडच्याच. नात हासिनी चार वर्षांची, बोलते फक्त तेलुगू. फोन आला की आजी नुसती बघायची, नात नुसती बघायची, आणि मग फोन ठेवायचा. "लेकरं शिकन, त माह्या कानावरबी पडन," म्हणाल्या. पोरांना वाटलं, बाईंनी आपल्याला फोन दिला. बाईंना वाटत होतं, पोरांनी आपल्याला नात दिली.

त्या आता वरंगलला राहायला निघाल्या आहेत. तेव्हा बाई, शाळेच्या वतीनं मी तुमचे मनापासून आभार मानते. साहेबांचे, अध्यक्षांचे आणि आपण सर्वांनी शांतपणे (म्हणजे हसत हसत) ऐकून घेतलंत त्याबद्दल आपलेही. बोलण्याच्या भरात कुणाच्या घरचं लग्न जास्तच रंगवलं गेलं असेल, तर चंपतरावांनी उदार मनानं पोटात घालावं.

काल संध्याकाळी मी निमंत्रण द्यायला बाईंच्या घरी गेले होते. त्या फोनवर होत्या. पलीकडून इवलासा आवाज आला, "नानम्मा, एप्पुडु वस्ताव?" आजी, कधी येशील? आणि आपल्या जयवंताबाई, अर्धी ट्रंक भरून झालेली, एका हातात घडी घातलेलं लुगडं, झटकन म्हणाल्या, "वस्तुन्ना, बिड्डा, वस्तुन्ना!"

येऊन राह्यले, बाळा, येऊन राह्यले.