बाळू वेल्डरच्या गाळ्यातला पंक

मी मूळचा देवळ्याकडचा. नाव बाळू, वेल्डिंग करतो, सातपूरला भाड्याचा गाळा हाय माझा. आता बोलताना मी मधीच थांबेन, तोंड नुसतंच उघडं राहील, तर तुम्ही शब्द पुरवू नका, येतो तो, उशीर लागतो एवढंच. लहानपणापासून असंच हाय. शाळेत हजेरीला सगळी पोरं हजर हजर म्हणत पुढं जायची आणि माझा ह तिथंच, ह ह ह, मग गुरुजीच म्हणायचे, दिसतोय रे, बस खाली. म्हणून मी बोलणंच सोडलं. दुकानात, दवाखान्यात वडील बोलायचे माझ्या वतीनं, लग्न झाल्यावर संगीता बोलायला लागली. चांगली हाय ती, लय जीव लावते, पण काय सांगू तुम्हाला, माणूस दुसऱ्याच्या तोंडानं जगायला लागला ना, की त्याला स्वतःचं मतच राहत नाय.

मग ती रेवा आली. कॉलेजातली पोरगी, एका कानात चार बाळ्या, स्कूटीवर पुढं लोखंडी स्टँड आडवा ठेवलेला. ड्रमच्या झांजेचा स्टँड, पाय तुटलेला. मी वेल्डिंग मारून दिलं, आठ दिवसांत तोच पाय घेऊन परत हजर. मला वाटलं माझं काम कच्चं. कसा मो, कसा मोडतो एवढं विचारायला मला केवढा वेळ लागला, आणि ती पोरगी नुसती उभी राहिली हो, माझं वाक्य तिनं पुरं केलं नाय. मग म्हणली काका असा मोडतो, आणि मोबाइलवर त्यांच्या बँडचं गाणं लावलं.

त्याला पंक म्हणतात हे नंतर कळलं. तेव्हा वाटलं कुणी ग्राइंडर सुरू केला. दोन मिनिटांत गाणं खलास. आणि तो गाणारा गात नव्हताच, ओरडत होता, एकच शब्द चार-चारदा, जसा माझा अडकतो तसा, पण त्याला त्याची लाज नव्हती. मी म्हणलं, पुन्हा लाव. ती म्हणली काका, रविवारी समोरच ऐका ना.

तर पहिला शो. गंगापूर रोडला एका कॅफेच्या मागल्या अंगणात, संध्याकाळी पाचला. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, लग्नाला जातात तसा. चाळीसेक पोरं-पोरी असतील. वाजायला लागलं आणि सगळे एकमेकांना धडका मारायला लागले, मला वाटलं भांडण लागलं, सोडवायला मधी गेलो तर मीच आडवा. आणि पडलो रे पडलो, चार हात खाली आले, मला उचललं, शर्ट झटकला, एकानं चष्मा शोधून दिला, आणि पुन्हा धडका सुरू. त्यांच्यात तसा नियमच हाय, पडला त्याला आधी उचलायचं. मग मी बी ओरडायला लागलो त्यांच्याबरोबर. आणि एक शब्द अडकला नाय. एक बी नाय. घरी येऊन संगीताला सांगायला गेलो तर परत अडकलो, पण हसत हसत अडकलो. ती म्हणली, पिऊन आलात का?

मग नादच लागला. पुण्याला एसटीनं जाऊन शो बघितला. पुढल्या वेळी संगीता बी आली, कानात कापूस घालून. भिंतीला टेकून सगळ्यांच्या बॅगा सांभाळत होती, आणि शेवटच्या गाण्याला बॅगा तिथंच टाकून आत घुसली.

रेवाच्या बँडची पोरं तिच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सराव करायची, तो लोकांनी बंद केला. मी म्हणलं माझ्या गाळ्यात या, रविवारी कामाला सुट्टीच असते. दोन महिने बरे गेले. मग आमच्या गल्लीतल्या गाळेवाल्यांनी बैठक बोलावली. फाटक्या कपड्यांची पोरं, नशेडी असतील, असं एक जण बोलला, आणि गाळामालक मला म्हणले, एकतर ती पोरं जातील नायतर तू जाशील. माझं पोट होतं हो त्या गाळ्यावर. संगीता उठली बोलायला. मी तिचा हात धरला, खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिलो.

तिथं ओरडून भागणार नव्हतं, ते काय गाणं नव्हतं. पहिल्याच शब्दाला अडकलो, रेवाचा र. कुणीतरी हसलं. हसू दे. मी त्या र वरच उभा राहिलो, यायचा तेव्हा आला. म्हणलं, ही पोरं नशा करत नाय, मी बघतो ना दर आठवड्याला. मी पडलो तर मला उचलणारी पोरं हायेत. आपल्या गल्लीत दिवसभर कटर चालतो, हातोडा चालतो, तो आवाज आपल्याला चालतो, कारण तो आपला हाय. यांचा बी आपला म्हणा. पाचला शटर खाली, जबाबदारी माझी. एवढं बोलायला किती वेळ गेला माहीत नाय, मधी नुसता पंखा ऐकू यायचा. मालक म्हणले, पाचच्या पुढं एक मिनिट नाय.

मागल्या महिन्यात गाळ्यातच शो झाला. आईला देवळ्याहून आणलं. कानावरून पदर घेऊन ती स्टुलावर बसली. दोन गाणी मी माइकवर म्हणलो. संपल्यावर रेवानं विचारलं, आजी, कसं वाटलं? आई आपली अहिराणीतच म्हणली, काय म्हनतस ते काही समजनं नही, पन मना बाळूना आवाज उना, म्हणजे माझ्या बाळूचा आवाज आला. मग उठली आणि एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवत गेली. एकानं केस जेल लावून काट्यासारखे उभे केले होते, त्याच्या बी डोक्यावरून फिरवला. हात चिकट झाला, तो पदराला पुसला आणि सगळ्यांना म्हणली, चला, जेवी ल्या.