दोष आधी, गुण नंतर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले वर्क्स मॅनेजर माननीय पाठारे साहेब, व्यासपीठावरचे युनियनचे सेक्रेटरी कुंडलिकराव जाधव, टेलिफोन बोर्डावरून निवृत्त झालेल्या आणि आज डोंबिवलीहून मुद्दाम आलेल्या मंदाकिनीताई कर्णिक, सत्कारमूर्ती श्री. बाबुराव सोनावणे, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. शकूवहिनी, आणि पाळी सुटल्यावर घरी न जाता या कॅन्टीनमध्ये थांबलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी राघो तांडेल. मेंटेनन्समध्ये फिटर. कंपनीच्या बास्केटबॉल संघाचा कॅप्टन म्हणून तुमच्यापैकी काहीजण मला ओळखतात, उरलेले मला माझ्या आवाजावरून ओळखतात. साहेबांनी मला पाच मिनिटं दिलेली आहेत. साहेब, मी पंधरा घेणार. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे चिठ्ठी पाठवायचा त्रास नको.

कुंडलिकराव आत्ता बोलले, फार छान बोलले. बाबुराव म्हणजे शांत, बाबुराव म्हणजे सरळ, ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं कधी आवाज चढवला नाही. सगळं खरं आहे. पण गेल्या मंगळवारी बाबुरावांनी मला बोलावून बजावलं, "राघो, तू बोलणार असशील तर आपल्या आढाव्यासारखं बोल. दोष आधी. नाही तर बोलू नकोस." मी म्हटलं, बरं. त्यामुळे पुढे जे कानावर पडेल ते सत्कारमूर्तींच्या परवानगीने पडतंय.

आता नवीन लोकांना हा आढावा काय ते सांगायला हवं. आपल्या कंपनीत ऐंशी सालापासून एक बास्केटबॉल लीग चालते. बास्केट नाही, बॉल नाही, मैदान नाही. सहा कॉलेजं, आणि तीही कुठली? दिवा, कोपर, कोलशेत, ठाकुर्ली, मुंब्रा, शहाड. जिथे आपल्याला कॉलेज दिसलं नाही, तिथे आपणच काढायचं, ही बाबुरावांची आयडिया. प्रत्येक कॉलेजचा एक मालक. जेवणाच्या सुट्टीत शेवटच्या टेबलावर ल्युडोच्या दोन फाशांनी मॅच व्हायची. आणि दर जूनमध्ये प्रत्येक कॉलेजात नवे खेळाडू भरती व्हायचे. फासे टाकून त्यांची उंची, उडी, नेम आणि श्वास ठरायचा. एवढे चार आकडे. मग बाबुराव त्या आकड्यांना नाव द्यायचे, गाव द्यायचे, खोड द्यायचे आणि त्यांचा आढावा टाइप करून तिथे, त्या नोटीस बोर्डावर लावायचे. आधी दोष, मग गुण, शेवटी भविष्य.

काय लिहायचे हो! "हा मुलगा पास देण्यापूर्वी आईची परवानगी घेत असावा." "उंची भरपूर, पण ती कुठे न्यावी हे ठरलेलं नाही." माणसं डबा हातात घेऊन उभ्याने वाचायची. कोपर कॉलेजच्या एका गड्याला त्यांनी 'आळशी' लिहिलं म्हणून कोपर कॉलेजचे मालक, पेंट शॉपचे शिवराम पवार, त्यांच्याशी आठ दिवस बोलत नव्हते. शिवराम, हसू नकोस, सगळ्यांना माहीत आहे.

एक नियम मात्र कडक होता. आपल्या कॉलेजच्या मुलाचा आढावा आपण लिहायचा नाही. ठाकुर्ली बाबुरावांची, म्हणून ठाकुर्लीच्या भरतीचा आढावा मंदाकिनीताई लिहायच्या. का? तर आपल्या पोरावर लिहिताना हात सरळ चालत नाही. हे बाबुरावांचं म्हणणं.

आणि हा माणूस स्वतः आयुष्यात एकदाही बास्केटबॉल खेळलेला नाही! हा त्यांचा पहिला दोष, लिहून घ्या. पण फाशावर उडी पाच आली तर पाचची उडी दिसते कशी, हे कळावं म्हणून दर रविवारी कल्याणच्या मैदानावर जाऊन उभे राहायचे. हातात पिशवी, पिशवीत वही. आम्ही खेळणारे त्यांना भाजीला निघालेले गृहस्थ समजायचो.

तर अठ्ठ्याऐंशी साल. कंपनीने खरा संघ काढायचं ठरवलं. खेळाडू म्हणून एक ट्रेनी फिटर घ्यायचा होता, एकच जागा. त्या वेळचे पर्सोनेल ऑफिसर नवे होते, त्यांचं नाव घेत नाही. ते चहाला इथे आले आणि त्यांनी बोर्डावर वाचलं: "नामा भोईर, दिवा सायन्स कॉलेज. दोष: डावा हात नुसता सोबतीला बाळगतो. गुण: सहा फूट दोन इंच, उडी सहा, नेम पाच. भविष्य: जो संघ याला आधी उचलेल तो तीन वर्षं राज्य करील." साहेबांना वाटलं, दुसरा कोणी उचलायच्या आत आपण उचलावा. त्यांनी प्राचार्यांच्या नावे पत्र तयार केलं आणि ड्रायव्हर धाकूला जीप देऊन पाठवलं.

धाकू सकाळी गेला तो संध्याकाळी आला. दिव्यात जो भेटेल त्याला विचारत होता, सायन्स कॉलेज कुठे. शेवटी नळावरची एक बाई त्याच्यावर खेकसली, "अरे, इथं तीन दिस पानी नाय आलं, कॉलेज कुठशी येल?"

आम्ही त्या दिव्यातच राहायचो. धाकूने मलाही विचारलेलं. मी त्याला वेड्यात काढून पुढे गेलेलो.

साहेबांनी बाबुरावांना बोलावलं. "नामा कुठाय?" बाबुराव म्हणाले, "साहेब, तो फाशांतून निघालाय." साहेब भडकले. कंपनीचा टाइपरायटर, कंपनीचा कागद, कंपनीची जीप! मेमोची भाषा सुरू झाली. दुसरा कोणी असता तर माफी मागून बाहेर आला असता. बाबुराव म्हणाले, "नामा नाही, पण नामाच्या जवळपास जाणारी दोन पोरं आहेत. त्यातलं एक माझं स्वतःचं आहे." साहेबांना खेळातलं काही कळत नव्हतं, आणि तेवढं त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. म्हणाले, "दोघांवर असंच लिहून आणा. वाचून मी ठरवतो."

दोन पोरांतला एक मी. बावीस वर्षांचा. बाबा खाडीत जाळं टाकायचे आणि त्या जाळ्यात मासळी दिवसेंदिवस कमी येत होती. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत गोण्या उचलत होतो. ट्रेनीसाठी वयाची अट होती, पुढच्या वर्षी मी तिच्यातून बाद होणार होतो. ही जागा गेली असती तर आयुष्यभर गोण्याच.

दुसरा जगन सोनावणे, बाबुरावांचा मुलगा. खऱ्या कॉलेजकडून खेळलेला, हातात काम नाही. नियमाप्रमाणे त्याचा आढावा मंदाकिनीताईंनी लिहिला. त्यांना दोषच सापडेना. शेवटी त्यांनी लिहिलं, "दोष: वडील बघत असले की चुकतो." आणि माझा आढावा लिहिला बाबुरावांनी. तो माझ्याकडे आहे, घडीवर फाटलाय, पण वाचता येतो. "राघो तांडेल. दोष: रागीट. हरत असला की पास देत नाही. उडी बेताची. गुण: शेवटच्या पाच मिनिटांत याच्यासारखा पळणारा मी पाहिलेला नाही. दोन्ही गुडघे उत्तम. भविष्य: घेतला तर टिकेल."

साहेबांनी मला घेतलं. त्या 'टिकेल' शब्दावर घेतलं, असं ते पुढे म्हणाले.

गुडघे उत्तम! आठ वर्षं मला हसू यायचं. माणसाच्या आढाव्यात मध्येच गुडघे का? बैल विकायचाय का?

मंडळी, बाबुरावांचं मोठेपण म्हणून ही गोष्ट कंपनीत सगळे सांगतात. पोटच्या पोराची नोकरी गेली, पण माणूस खोटं बोलला नाही. कुंडलिकरावांनीही आत्ता तेच सांगितलं. पण त्या घरात काय झालं? बोर्डावर माझ्या आढाव्याचा तो कागद लागला, तो जगनने येऊन वाचला, आणि त्या महिन्यात तो घर सोडून कोपरला गेला. आज तिथे त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, चांगलं चाललंय. आईला भेटायला येतो तो वडील कामावर असताना. आठ वर्षं बापलेकात शब्द नाही. जगन आज इथे आलाय, मागे दाराजवळ उभा आहे, शकूवहिनींनी शपथ घातली म्हणून आलाय. जगन, तुझं नाव घेतोय, राग मानू नकोस.

नव्वद साली आमची मॅच बघायला हा जगन आलेला. मॅचनंतर मी त्याच्याकडे गेलो. तोच म्हणाला, "तुझ्यावर राग नाय रे माझा. तू चांगला खेळतोस. पण त्या मानसाचा हात एकदा तरी अडला असेल का लिहिताना? मी एकदा तरी आठवलो असेन का? एवढंच कळलं ना, तरी बस." मला ठाऊकच नव्हतं.

आता गेल्या मंगळवारचं सांगतो. बाबुराव म्हणाले, "राघो, माझा सगळ्यात मोठा दोष कोणाला माहीत नाही. तो तुला सांगतो, आणि तो तू समारंभात सांगायचास. खोटा सत्कार मला घ्यायचा नाही."

मंडळी, माझा आढावा बाबुरावांनी दोनदा लिहिलेला. पहिला कागद त्यांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता पाकिटात घालून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यात लिहिलं होतं, "दोष: डावा गुडघा कच्चा. एक मोसमसुद्धा टिकणार नाही." माझा गुडघा कच्चा नव्हता. कधीच नव्हता. ते साफ खोटं होतं, आणि तेवढं एक वाक्य मला पुरलं असतं. मी आज गोण्या उचलत असतो.

पाकीट ठेवून ते जागेवर येऊन बसले. समोर त्या वर्षीच्या भरतीचे कागद पडलेले. मला म्हणाले, "आठ वर्षं मी फाशांच्या पोरांशी खोटं बोललो नाही रे, आणि हाडामांसाच्या पोराशी बोललो." अकरा चाळीसला ते उठले. साहेब राउंडला गेलेले, पाकीट अजून बंद होतं. प्यूनसमोर ते उचललं, फाडलं आणि दुसरा कागद टाइप करायला बसले. गुडघ्याचं पाप फेडायचं म्हणून गुण लिहिताना गुडघे आले.

हा त्यांचा दोष. त्यांनी सांगायला लावला, मी सांगितला. ते आता मान खाली घालून बसलेत. त्यांना वाटतंय, आपली अब्रू गेली. बाबुराव, ज्याचं नुकसान व्हायचं होतं तो मी आहे ना? मग माझं ऐका. मंगळवारी मी तुमच्यासमोरून तडक उठून गेलो, कारण मला राग आला होता. खूप आला. घरी जाईपर्यंत होता. माझा पहिला दोष तुम्ही रागीट असाच लिहिला होता, तो काही चुकीचा नव्हता. घरी गेलो, बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मी आसतो तं पाकीट उचलाया गेलोच नसतो." तिथे माझा राग संपला.

पण मंडळी, मी इथे उभा आहे तो माझा राग सांगायला नाही. जगन, हे तुझ्यासाठी आहे. तू मला विचारलेलंस, हात एकदा तरी अडला का? अरे, अडला नाही, वाकडा चालला. आयुष्यात एकदाच, आणि तो तुझ्यासाठी. त्यांनी माझ्यासारख्या गरिबाच्या पोटावर पाय दिला, खोटं टाइप केलं, सही केली, नेऊन ठेवलं, सगळं तुझ्यासाठी. चाळीस मिनिटं त्यांना कोणाचंच काही पडलेलं नव्हतं, फक्त तुझं होतं. ही त्यांना चोरी वाटते, म्हणून त्यांनी तुला सांगितलं नाही. तू आठ वर्षं समजत होतास की बापाला तू आठवलाच नाहीस, आणि ते आठ वर्षं समजत होते की हे कळलं तर तू त्यांचं तोंड बघणार नाहीस. काय म्हणायचं तुम्हा दोघांना?

गुण सांगायचे राहिलेत, मला माहीत आहे. पण जगन कुठे निघाला? अरे जगन, असा जाऊ नकोस... नाही, माफ करा, इकडेच येतोय. शिवराम, खुर्ची सरकव, त्याला वाट दे.

अध्यक्ष महाराज, मी इथेच थांबतो. तुम्ही वेळ दिलात, सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, कॅन्टीनच्या मंडळींनी चहा दोनदा गरम केला, सर्वांचा आभारी आहे. भर सभेत घरातलं बोललो, तोंडाचा फटकळ आहे, काही वावगं बोललो असेन तर पोटात घाला. शकूवहिनी, डोळे पुसा.

बाबुराव, मान वर करा. तो समोर येऊन उभा आहे.