रशीदभाईंसोबत एक चक्कर

परवा पिकअपचे टायर बदलले, तेव्हाचं सांगतो. बायको नातवापाशी पुण्याला गेली तेव्हापासून मी एकटाच. रोज नोकरीला अमरावतीहून अकोल्याला जातो आणि सुट्टीला अंजनगावच्या वावरात. राजापेठेत रशीदभाईंच्या दुकानात गेलो न् म्हटलं, "चिखलात फसनार नाही, असे जाड गट्टूचे, खोल खाचांचे टायर द्या."

"ते डांबरी रोडवर लवकर घासतात, भाऊ. अन् आवाज असा, का बाजूवाल्याचं बोलनं ऐकू येत नाही."

"बाजूले कोनी नसतेच."

रशीदभाईंनी रस्त्यावर टिकणारे आणि वावरातही चालणारे मधल्या जातीचे टायर बसवले, आणि स्वतःच दार उघडून माझ्या बाजूला बसले. "चाला, पाहू कसे चालतात."

गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यानं जाऊन आलो. वाटभर ते पोरीच्या लग्नाचं सांगत होते, मी वावरातल्या तुरीचं. दुकानाशी परत आल्यावर मी म्हटलं, "घरी चाला ना, जेवून जा."

"नाही भाऊ, घरचे वाट पाहून राहिले."

ते उतरले. माझं घर तिथून दोन गल्ल्यांवर. मी गाडी पुन्हा त्याच कच्च्या रस्त्याला घातली. टायर नीट पाहायचे होते, असं समजा.