जजबाईंनी न दिलेला निकाल

आदरणीय अध्यक्ष पाळकसाहेब, व्यासपीठावर बसलेली वडीलधारी मंडळी, ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं त्या आमच्या जजबाई, त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक, आणि शुक्रवारच्या वाचनवर्गातल्या माझ्या भावाबहिणींनो, सर्वांना मनापासून नमस्कार.

बाई आता कायमच्या लेकीकडे राहायला चालल्या आहेत. त्यांच्या वर्गाविषयी बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी औषधांच्या दुकानात बसणारी बाई, लेबलावर आहे तेवढंच सांगायची सवय. जमेल तसं सांगते.

कौटुंबिक न्यायालयातून निवृत्त झाल्यावर बाईंनी चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे मोडक्या खुर्च्या रचून ठेवतात तिथे, हा वर्ग सुरू केला. नियम साधा. चौघांनी मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेली प्रभूची चार चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं, घ्यायची आणि एकच प्रसंग आपापल्या पुस्तकातून वाचायचा. फरक दिसला की मोठ्याने सांगायचा. आणि “म्हणजे त्याला असं म्हणायचं असेल” अशी जुळवाजुळव जो करेल त्याने सगळ्यांच्या कपबश्या धुवायच्या. अध्यक्षमहाराज, क्षमा असावी, पण आपणही धुतल्या आहेत. प्रभूला वाढवणाऱ्या योसेफाच्या वडिलांचं नाव मत्तय एक सांगतो, लूक दुसरंच. आपण म्हणालात, “त्यातला एक सासरा असेल.” बाईंनी साबण पुढे केला.

“मग खरं नाव कोणतं?” मी विचारलं.

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. जन्मभर उंच खुर्चीवरून निकाल दिलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य किती वेळा ऐकू येतं, तुम्हीच सांगा.

आमच्या सुतारभाऊंचं नाटक पुष्कळांना आठवत असेल. पुनरुत्थानाचा, म्हणजे प्रभू कबरेतून उठल्याचा, प्रसंग लिहिताना त्यांनी ठरवलं, चारही लेखकांपैकी कुणावर अन्याय नको. म्हणून मत्तयाचा एक देवदूत, मार्काचा एक तरुण, लूकाचे दोन पुरुष आणि योहानाचे दोन देवदूत, सगळे त्या पुठ्ठ्याच्या कबरेत. पंखांमुळे कबर बघायला आलेल्या स्त्रियांना आत शिरता येईना. बाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, “सुतारभाऊ, कबर रिकामी आहे हे सांगायला इतकी माणसं?”

“बाई, काढू कुणाला? सगळेच पवित्र.”

“काढू नका. एका वर्षी एकाचंच नाटक करा.”

तेव्हापासून आमचं नाटक दर वर्षी बदलतं, आणि गावातल्यांना वाटतं आम्हाला पाठ होत नाही.

बाई म्हणायच्या, “कोर्टात दोन साक्षीदारांची हकीगत शब्दाला शब्द जुळली की मला आधी वकिलाचा संशय यायचा.” हे ऐकायला छान वाटतं, पण मला पुरतं पटत नसे. साक्षी वेगळ्या आहेत म्हणून त्या खऱ्या, असं थोडंच आहे? माणसं वेगवेगळं खोटंही बोलतात. मी तसं बाईंना म्हटलंही. त्या म्हणाल्या, “बोलतात ना. त्यांच्यावरच माझं घर चाललं.”

आता पुढचं सांगते ते दादाला विचारून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तो तिथे माईकच्या यंत्रापाशी उभा आहे.

आमचे बाबा गेले तेव्हा पलंगाच्या एका बाजूला दादा होता, दुसऱ्या बाजूला मी. मी ऐकलं, “मला एकट्याला टाकून जाऊ नका.” दादाने ऐकलं, “आता बरं वाटतंय.” कबरेच्या दगडावर बाबांचे शेवटचे शब्द असावेत अशी आईची इच्छा. दादा म्हणाला, “बाबा घाबरून गेले हे गावाला दाखवायचंय तुला?” मी म्हटलं, “घाबरायला त्यांनी तुझी परवानगी काढायची होती का?” दगडावर फक्त नाव आलं, खालची जागा कोरी राहिली. आमचं बोलणं तुटलं. आई मध्ये बसून दादाचा निरोप मला आणि माझा दादाला सांगायची, तेही आम्ही तिघं एकाच टेबलाशी जेवत असताना. तिला तो दगड पुरा झालेला बघायचा होता, आणि तिची तब्येत थांबायला तयार नव्हती.

आम्ही बाईंकडे गेलो, अर्थात वेगवेगळे. “निकाल द्या,” मी म्हटलं. “खोटं कोण बोलतंय?”

“मी निवृत्त आहे,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारी ये.” दादालाही तेच सांगितलं होतं.

त्या शुक्रवारी वधस्तंभाचा, म्हणजे प्रभू क्रुसावर प्राण सोडतो तो, प्रसंग होता. मार्क माझ्या हाती, लूक दादाच्या. माझ्या पुस्तकात प्रभू आक्रोश करून देवाला विचारतो, तू मला का सोडलंस? दादाच्या पुस्तकात तोच प्रभू विश्वासाने आपला आत्मा पित्याच्या हाती देतो. वाचून झालं. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, कपांकडे पाहिलं आणि मिटलं.

बाईंनी दादाला विचारलं, “तुझ्या पानावर तो घाबरलाय?”

“नाही.”

“हिच्या?”

“हाका मारतोय.”

“मग हिचं पान फाडू?”

दादाने माझ्या पुस्तकातलं ते पान पाहिलं. मग म्हणाला, “राहू द्या.”

आता मला विचारतील म्हणून मी थांबले. बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.

त्यानंतरही आमचं बोलणं लगेच सुरू झालं नाही. पण मागच्या आठवड्यात दगड कोरणाऱ्याचा दुकानात फोन आला. “ताई, तुमचे भाऊ दोन ओळी देऊन गेलेत. एक म्हणते टाकून जाऊ नका, दुसरी म्हणते बरं वाटतंय. माणूस एकच ना? दगडावर खोडता येत नाही, म्हणून विचारलं.”

“एकच,” मी म्हटलं. “वर कोणती आहे?”

“टाकून जाऊ नका, ती. बहिणीची वर घ्या म्हणाले.”

समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याच्या गोळ्या दोनदा मोजल्या. फोनवरचा माणूस सज्जन, त्याने मदत म्हणून विचारलं, “दोन्हींच्या मध्ये ‘पण’ घालू का? नाहीतर ‘मग’? वाचणाऱ्याला सोपं जाईल.”

“नको,” मी म्हटलं. “काही घालू नका.”

काल आईला दगड दाखवून आणलं. एका बाजूने दादाने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने मी.

बाई, जो निकाल तुम्ही दिला नाहीत त्याबद्दल आमचं घर तुमचं ऋणी आहे. अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभार. हे सगळं मला आठवलं तसं सांगितलं. कुणाला वेगळं आठवत असेल तर तेही खरं असू शकेल. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.